गाडीचा हवापालट

माणसाला एखाद्या गावची हवा मानवते किंवा मानवत नाही, हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. माहेरी गेलेल्या सुनेला तिथली हवा आठ दिवसांत मानवते. बदली रद्द करून घ्यायची असली, की सरकारी नोकराच्या अख्ख्या कुटुंबाला नव्या गावची हवा एकाच आठवड्यात बाधते. पण गाडीलाही हवा मानवते आणि बाधते, हे मी प्रथम ऐकलं ते मुखेडला, आणि तेही अशा माणसांच्या तोंडून, की ज्यांना स्वतःला मे महिन्याच्या उन्हात काही होत नव्हतं.

मुखेड हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाला रेल्वे नाही. रेल्वे पाहायची तर नांदेडला जा नाहीतर उदगीरला. त्यामुळे आमच्याकडे इंजिन म्हणजे मोटारीचं, फार तर विहिरीवरचं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त ऊन हिंडत असतं. डिसेंबरच्या पहाटे मात्र गोधडीतून नाक बाहेर काढवत नाही. म्हणजे इंजिनाला थंड हवा द्यावी की गरम, याचा अभ्यास करायला मोठमोठ्या कारखान्यांना जे खास दालन बांधावं लागतं, ते आम्हाला फुकट मिळालेलं होतं. एका प्रयोगाकडून दुसऱ्याकडे जायला सहा महिने थांबावं लागायचं, एवढीच काय ती गैरसोय.

या विषयात गावात दोन पंथ होते. एक पहाटपंथी. त्यांचं म्हणणं, पहाटेच्या गार हवेत गाडी पाखरासारखी जाते, म्हणून निघायचं तर चारला निघावं. दुसरा दुपारपंथी. ते म्हणत, थंड गाडी पेट्रोल पिते, तापलेली गाडी नुसतं चाटते. दोन्ही पंथांतली माणसं एकाच हॉटेलात, एकाच बाकावर, एकमेकांच्या पैशाने चहा पीत वाद घालायची. आणि गंमत अशी, की दोघांचंही बरोबर होतं. शंभर-सव्वाशे वर्षं जगातले मोठमोठे इंजिनियर हेच दोन पक्ष घेऊन भांडत आलेले आहेत. त्यांचा चहा फक्त वेगळ्या हॉटेलात असे.

आता वादातला तो शब्द पाहा. गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, याला आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. सरासरी काढायची तर पुष्कळ आकडे लागतात, ते मिळवावे लागतात, भागावे लागतात. आपल्याकडे ॲव्हरेज एकाच फेरीत निघतं, आणि ती फेरी सगळ्यांत चांगली निघालेली असते. “किती देते?” “अठरा!” या अठराच्या मागे कोण होतं, वारा कुठला होता, रस्ता उताराचा होता का, हे विचारणं म्हणजे मुलीच्या बापाला जावयाचा पगार विचारून पुन्हा त्याची पावती मागण्यासारखं आहे.

मोटारीचा इतिहास आमच्याकडे जरा वेगळ्या वाटेने आला. निजामाच्या संस्थानात १९३२ च्या जून महिन्यात सरकारी मोटारी सुरू झाल्या. त्या रेल्वेच्याच खात्याखाली होत्या, आणि सुरुवातीला होत्या अवघ्या सत्तावीस. अल्बियन नावाच्या स्कॉटलंडच्या कंपनीच्या बसगाड्या. पुढे त्या हळूहळू संस्थानभर पसरल्या. तिकडे १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस्टी धावली, तेव्हा आम्ही कायद्याने परदेशात होतो. आम्ही देशात आलो १७ सप्टेंबर १९४८ ला, मुंबई राज्यात आलो १९५६ ला, आणि आमच्या गाड्या महाराष्ट्राच्या एस्टी महामंडळात आल्या १९६१ ला. एवढ्या सरहद्दी एका जागी बसून ओलांडणारी माणसं जगात फार नसतील.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा हिंदुस्थानात मोटारी कोळशावर चालल्या. म्हणजे गाडीच्या मागे एक उभी भट्टी असे, तिच्यात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्यातून निघणारा गॅस इंजिनाला पाजायचा. क्लीनर हा प्राणी खऱ्या अर्थाने भटारी झाला तो त्या काळात. आता आपल्या विषयातली पहिली ठिणगी इथे आहे. भट्टीतला गॅस गरम निघतो. तो तसाच इंजिनात सोडला तर गाडी चढावर जीव टाकते. म्हणून त्या गाड्यांना गॅस थंड करणाऱ्या नळ्या बसवलेल्या असत. कारण सोपं आहे. वायू तापला की फुगतो. इंजिनाचं पोट ठरावीक मापाचं. त्यात फुगलेला वायू भरला तर पोट भरल्यासारखं दिसतं, पण वजन कमी भरतं. भजी खाऊन जेवायला बसल्यासारखं. दहा अंशांवरच्या हवेपेक्षा चाळीस अंशांवरची हवा साधारण दहा टक्के हलकी असते. तेवढी ताकद गेली. पहाटपंथीयांचा पाया हा असा पक्का आहे.

पण दुपारपंथही काही भाबडा नव्हे. पेट्रोल हे पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या पहिल्या गाडीत पेट्रोलवरून नुसती हवा फिरवून तिच्यात वाफ मिसळायची पद्धत होती. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमाराला पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला, आणि तेव्हापासून एक नवी पंचाईत झाली. थंडीत फवाऱ्याचे थेंब नळीच्या भिंतीला चिकटून बसू लागले. मग उपाय काय, तर नळी तापवा. सायलेन्सरकडे जाणारा धूर नाहीतरी तापलेलाच असतो. फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ ला बाहेर पडला, तो रॉकेलवर चालायचा, आणि त्याच्या रॉकेलची वाफ करायचं काम हाच धूर करायचा. ज्यांनी मराठवाड्यातल्या विहिरींवर रॉकेलची इंजिनं पाहिली आहेत त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. ती इंजिनं आधी पेट्रोलवर चालू करायची, चांगली तापली की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायची. तापायच्या आत घाई केली तर पांढरा धूर, फटफट आवाज, आणि विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या चार शिव्या.

पेट्रोलच्या गाडीत गरम हवेचा आणखी एक आडवळणाचा फायदा आहे. तो समजून घेतला की सगळा वाद समजतो. आपण गाडी चालवतो तेव्हा बहुतेक वेळ इंजिनाची सगळी ताकद वापरत नाही. वाटेतली झडप अर्धवट बंद ठेवून इंजिनाला जेमतेम हवा देतो. म्हणजे नाकावर रुमाल बांधून श्वास घ्यायला लावतो. तो श्वास ओढायलाही इंजिनाला कष्ट पडतात आणि ते कष्ट पेट्रोलच्याच खात्यावर पडतात. आता हवा गरम आणि विरळ असली तर तेवढीच हवा मिळवायला झडप जास्त उघडावी लागते. रुमाल सैल होतो. श्वास सोपा होतो. थोडं पेट्रोल वाचतं. किती? शेकडा एखाद-दुसरा टक्का. जोर कमी, खर्चही कमी. पेन्शनीत निघालेल्या माणसाचं असतं तसं.

डिझेलचं शास्त्र मात्र उलटं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ ला ऑग्सबर्गमध्ये रीतसर परीक्षा झाली, तेव्हा तेलातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्के कामी आली, आणि जगाने तोंडात बोट घातलं. या इंजिनात ती झडपच नाही. रुमाल नाही, तर तो सैल करण्याचा फायदाही नाही. तिथे हवा जितकी गार आणि जड तितकी बरी. आजच्या ट्रक-बसमध्ये इंजिनात जाणारी हवा मुद्दाम थंड करायला पुढे वेगळी जाळी बसवतात ती यासाठीच. डिझेलला गरम हवा लागते ती फक्त थंडीत चालू होताना. ट्रॅक्टर चालू होत नसला की चिंधीचा काकडा पेटवून हवेच्या तोंडाशी धरणारे बहाद्दर मी पाहिले आहेत.

आता गरम हवेत एवढं पुण्य असेल तर सगळ्यांनीच ती का घेऊ नये? तर तिच्यात एक खोट आहे. हवा फार तापली की ठिणगीने लागलेली ज्योत पोचायची वाट न पाहता उरलेलं पेट्रोल आपणहून पेटतं आणि इंजिन आतून टकटक करायला लागतं. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात. या टकटकीने पहिल्या महायुद्धानंतर इंजिनियरांची झोप उडवली होती. इंग्लंडात हॅरी रिकार्डोने तिच्यासाठी खास इंजिन बांधून अभ्यास केला. अमेरिकेत केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या मिजलीने १९२१ च्या डिसेंबरात पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून ती बंद केली. टकटक थांबली आणि ते शिसं पुढची कित्येक वर्षं लोकांच्या फुप्फुसांत जात राहिलं. आपल्याकडे ते पेट्रोलमधून हद्दपार व्हायला २००० साल उजाडलं.

दुपारपंथाला जगात एक मोठे महंतही लाभले. कॅनडात विनिपेगचे पोग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत धुराच्या उष्णतेने पेट्रोलची पूर्ण वाफ करणाऱ्या कार्बोरेटरची पेटंटं घेतली. गॅलनला दोनशे मैल, म्हणजे लिटरला सत्तर किलोमीटर, असा त्या यंत्राचा गाजावाजा झाला. ते बाजारात कधी आलं नाही, आणि का आलं नाही याचं स्पष्टीकरण तेलकंपन्यांचा कट असं आजही सांगितलं जातं. वास्तविक स्पष्टीकरण घरगुती आहे. तापलेल्या इंजिनात पेट्रोल आधीच जवळजवळ सगळं जळतं. जे जळतंच आहे ते आणखी चांगलं जाळून चौपट पैसे कसे वाचणार? ताटात काही उरतच नसेल तर ताट चाटून पोट किती भरेल? पण कट ही गोष्ट हिशेबापेक्षा नेहमीच चविष्ट. अमेरिकेतले स्मोकी यूनिक हे तर शर्यतीच्या गाड्यांचे नामांकित मिस्त्री, चेष्टेवारी न्यावेत असे नव्हेत. त्यांनीही १९८० नंतर हवा आणि पेट्रोल प्रचंड तापवून देणारं इंजिन बांधलं, गाडीत घालून पळवून दाखवलं. तेही कारखान्यात गेलं नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेलाचा नळ आवळला, आणि तीन डॉलरचं पिंप जानेवारीपर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. त्याची झळ मुखेडपर्यंत यायला टेलिग्रामही लागला नाही. आमच्या काकांची वकिली होती आणि वकिलीपेक्षा जुनी एक फियाट होती. पेट्रोल महागलं तसे काका दुपारपंथाकडे झुकत गेले. १९८० नंतर केव्हातरी त्यांनी आणि गॅरेजच्या मिस्त्रींनी मिळून एक पत्र्याची नळी केली. डालड्याचा डबा कापून केलेली. एक टोक धुराच्या तापलेल्या नळाला वेढून, दुसरं एअर क्लीनरच्या तोंडात. मध्ये एक पत्र्याची पाकळी. ती एका बाजूला फिरवली की गरम हवा, दुसऱ्या बाजूला फिरवली की बाहेरची.

हसू नका. अमेरिकन मोटारींना १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यातूनच अशी पाकळी येऊ लागली होती. ती आपोआप फिरायची आणि इंजिनाला सुमारे अडतीस अंशांची हवा मिळेल असं पाहायची. अडतीस अंश! तेवढ्यासाठी त्यांनी केवढी यंत्रणा उभी केली. आम्हाला मार्च ते जून ते बोनेट न उघडता मिळत होतं.

मिस्त्रींनी पहिल्याच रविवारी कंधारपर्यंत फेरी मारून ॲव्हरेज वाढल्याचं जाहीर केलं. “वकीलसाब, दीड किलोमीटर बढ़लंय. लै फरक पडलाय.” काका खूश. बातमी स्टँडवर गेली आणि आठ दिवसांत मिस्त्रींनी आणखी तीन-चार गाड्यांना तशाच नळ्या ठोकून दिल्या. त्यात एक जीप होती. जीपवाला बँकेचं कर्ज काढून ती चालवत होता. सकाळी मुखेडहून माणसं भरायची, संध्याकाळी परत आणायची, आणि डिझेल, हप्ता नि पोलीस यांतून उरलं तर घरी न्यायचं. त्याने नळीचे चाळीस रुपये दिले, आणि ते चाळीस रुपये त्याला जड होते.

काकूला हे रुचलं नाही. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण घरखर्चाची वही तिच्याकडे. ती म्हणाली, “तुमचा दीड किलोमीटर वाढला, मग पेट्रोलचं बिल तेवढंच कसं?” वकिलाला साक्षीदाराने असा प्रश्न विचारायचा नसतो. काकांनी विषय बदलला, पण प्रश्न काही बदलला नाही. आणि त्या दिवशी ओसरीवर तालुक्याचे शेती अधिकारी चहाला आलेले होते.

हे अधिकारी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेले. त्यांनी नळी पाहिली, वही पाहिली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, हे खताच्या जाहिरातीसारखं झालं. ज्या वाफ्यात खत घातलं ते रान मुळातच काळं होतं की काय, हे कोण बघणार?”

इथे आपल्याला थोडं इंग्लंडात जाऊन यावं लागेल. रोथॅमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून रोनाल्ड फिशर नावाचे गणिती काम करत होते. त्यांच्यापुढे हाच पेच होता. एका खताने पीक वाढलं म्हणतात, पण रानाच्या एका कोपऱ्यात ओल जास्त, दुसऱ्यात मुरूम, तिसऱ्यात शेजाऱ्याच्या म्हशी. त्यांनी सांगितलं, रानाचे वाफे पाडा, कुठल्या वाफ्यात खत घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे ओल आणि म्हशी दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जातील. मग पुष्कळ वाफ्यांची सरासरी घ्या. त्यांचं यावरचं पुस्तक १९३५ चं. आपल्याकडे ही विद्या शेतीत रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावं मोठी आहेत, पानसे आणि सुखात्मे. त्यांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ ला निघालं आणि देशातल्या शेती महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. आमचे अधिकारी त्यातलेच घोकलेले. मोटारीच्या परीक्षेची विद्या अशी ज्वारीच्या रानातून आमच्या ओसरीवर आली.

मग परीक्षा ठरली. इंजिनाला टाकीऐवजी एक लिटरची बाटली लावायची, ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. बाटली संपेपर्यंत जायचं आणि किलोमीटर मोजायचे. पण अधिकाऱ्यांनी अटी घातल्या. पाकळी कुठल्या बाजूला आहे हे गाडी चालवणाऱ्याला कळता कामा नये. कारण ज्याला नळी चालावी असं वाटतं त्याचा पाय आपोआप हलका पडतो. तेव्हा चिठ्ठी काढून पाकळी फिरवायचं आणि ते वहीत लिहून ठेवायचं काम शाळकरी पुतण्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. वही रोज पाकिटात जायची आणि काका स्वतः त्यावर लाखेची मोहर करायचे. गरम आणि थंड अशा दोन फेऱ्या लागोपाठ, त्याच रस्त्यावर, तितक्याच माणसांनिशी. अशा दहा जोड्या. बाटली संपेल तिथे गाडी थांबे, आणि काळा कोट घातलेले काका हातात पेट्रोलचा डबा घेऊन कुणाच्या तरी तुरीच्या बांधावर उभे दिसत. कोट रविवारी का, असं विचारू नका. त्यांना घरच्या कपड्यांत कोणी शपथ घेईल असं वाटत नसे.

परीक्षा चालू झाल्यावर कळलं, की गाडीच्या खाण्यापिण्यात हवेखेरीज किती भागीदार असतात. पेट्रोलच दर दहा अंशांना सुमारे एक टक्का फुगतं. दुपारी तापलेल्या बाटलीतलं एक लिटर आणि पहाटेचं एक लिटर यांत वजनाचा फरक पडतो. दुपारची विरळ हवा गाडी कापायला सोपी जाते, टायर तापले की हलके फिरतात. म्हणजे दुपारी ॲव्हरेज वाढलं तर ते नळीने वाढलं की उन्हाने, देव जाणे. शिवाय कार्बोरेटर हा मापाने देणारा वाणी, वजनाने नव्हे. हवा तापून हलकी झाली हे त्याला कळत नाही, तो पेट्रोल सोडतच राहतो, आणि रुमाल सैल करून वाचवलेलं पेट्रोल दुसऱ्या हाताने उधळतो. मेच्या अखेरीला तर चढावर गाडी टकटकायला लागली. मिस्त्री कान लावून म्हणाले, “हे बरं नाही वकीलसाब, हे इंजिन बोलायलंय.”

पाकिटं फुटली तेव्हा दहांपैकी सहा जोड्यांत गरम हवा पुढे होती, चारांत थंड. काकांनी “सहा विरुद्ध चार, दावा मंजूर” असं म्हणून मिशीवर हात फिरवला. अधिकाऱ्यांनी खिशातून नाणं काढलं. म्हणाले, “हे दहा वेळा उडवा. पाच-पाच अशी बरोबरी साधारण चारांतून एकदाच व्हायची. उरलेल्या तीन वेळा कुणीतरी जिंकणारच. म्हणून काय छाप्याला पेट्रोल कमी लागतं?”

वहीत एक गोष्ट मात्र लख्ख दिसत होती, आणि ती काकूने शोधली. परतीच्या वाटेवरच्या फेऱ्यांत, पाकळी कुठेही असो, ॲव्हरेज हटकून कमी. ती म्हणाली, “हा हवेचा दोष नाही. ही भूक आहे.” काकांचा पाय जेवणाच्या ओढीने जेवढं पेट्रोल पीत होता, त्यापुढे नळीचा नफा म्हणजे किस झाड की पत्ती.

काकांनी नळी काढली नाही. वकील हरला तरी अपील राखून ठेवतो. पण मिस्त्री रात्रभर विचार करत बसले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर गेले आणि जीपवाल्याला हाक मारून बोनेट उघडायला लावलं. जीप डिझेलची. अधिकारी चहा पिताना सहज बोलून गेले होते, की डिझेलला गरम हवेने फायदा नाहीच, उलट जड भरताना काळा धूर येईल. जीप चढावर काळा धूर सोडत होती हे सगळं स्टँड पाहत होतं, पण जीपवाला स्वतः ‘ॲव्हरेज वाढलं’ असंच सांगत होता. चाळीस रुपये मोजलेल्या माणसाला ते वाढलेलं दिसावंच लागतं. मिस्त्रींनी नळी उपटली आणि चाळीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. जीपवाला घेईना. “राहू द्या की मिस्त्री. काय करलालाव हे?” मिस्त्री म्हणाले, “माझ्या हाताचा डाग आहे बाबा. घे.” बाकीच्या पेट्रोलच्या गाड्यांच्या मालकांनाही त्यांनी सांगितलं, हवं तर काढून देतो. एक जण तयार झाला, दोघांनी ठेवल्या. त्यांचं ॲव्हरेज नंतरही वाढतच राहिलं.

एस्टीत याच गोष्टीला ‘के.पी.टी.एल.’ म्हणतात, दहा लिटरमागे किलोमीटर. एका लिटरवर नाही, दहावर मोजतात आणि डेपोतल्या गाड्यांचे महिन्याचे हजारो किलोमीटर त्यात घालतात. इतक्या फेऱ्यांत कुणाची भूक, कुणाचा वारा, कुठलं ऊन, सगळं एकमेकांत जिरून जातं. बाकी ॲव्हरेज हा शब्द आपल्याकडे त्याच्या खऱ्या अर्थाने कोणी वापरत असेल तर ती एस्टी.

मोटारींची शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायला पुण्यात १९६६ साली एआरएआय ही संस्था निघाली. तिथे गाडी जागच्या जागी लाटांवर पळवतात. जुन्या भारतीय परीक्षेत एकशेआठ सेकंदांचं एक आवर्तन होतं. त्यात थांबणं, निघणं, वेग घेणं सगळं ठरलेलं, आणि सर्वांत जास्त वेग ताशी बेचाळीस किलोमीटर. आणि खोलीतली हवा वीस ते तीस अंशांच्या आत. आता गाड्यांतून कार्बोरेटर गेला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान पाहणारा एक इवलासा काटा आला, तो संगणकाला सांगतो आणि संगणक पेट्रोल तोलून सोडतो. मापाने देणारा वाणी गेला, तागडीवाला आला. टकटक ऐकायलाही कान बसवलेला असतो. त्यामुळे डालड्याच्या डब्याला इंजिनात शिरायला फटच राहिली नाही.

अमेरिकन सरकारला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. लोकांची तक्रार, की गाडीच्या काचेवर चिकटवलेला आकडा रस्त्यावर कधी मिळत नाही. तेव्हा २००८ सालच्या गाड्यांपासून त्यांनी परीक्षा पाच केल्या. त्यांत एक कडाक्याच्या थंडीतली, उणे सात अंशांत. त्यांचा हिशेब असा, की थंडीत शहरातल्या छोट्या फेऱ्यांना पंचवीस अंशांच्या मानाने पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज शेकडा पंधराच्या आसपास घटतं. दुपारपंथीयांनी ही कात्रणं जपून ठेवायला हरकत नाही. आणि दुसरी परीक्षा भयंकर उन्हाळ्यातली. तीत गाडी तापवतात, आतला थंडाव्याचा पंखा पूर्ण सोडतात, आणि यंत्राला सोसेल तेवढ्या उष्णतेत तिला पळवून बघतात. त्या खोलीतलं तापमान पस्तीस अंश ठेवलेलं असतं. मुखेडला मे महिन्यात तेवढं खाली यायला रात्रीचं जेवण होऊन अंगणात बाजा टाकेपर्यंत वाट पाहावी लागते.